नानांना घर मिळेपर्यंत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी आपल्या हाती ठेवली आहे. त्या काळी घरे बांधली जात, भावाभावांत वाटली जात, क्वचित गहाणही पडत. परंतु एका कुटुंबाने आपले राहते घर विकावे, दुसऱ्याने ते घ्यावे आणि विकणाऱ्यास डोके टेकावयास दुसरी जागा मिळेपर्यंत घेणाऱ्याने दाराबाहेर तिष्ठत राहावे, हा प्रकार त्यांच्या फारसा पाहण्यात नसावा. असता, तर त्या म्हणीस तिसरा चरण खचित जोडला गेला असता.

हे तिष्ठणे आमच्या वाट्यास आले ते उज्जैनमध्ये, २०२३ साली. विमा कार्यालयातील नोकरीनिमित्त मी वसईहून येथे आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. मुलांच्या शाळा येथेच झाल्या, पत्नीस शेजार लाभला, आणि निवृत्तीनंतरही येथेच राहावे असे हळूहळू आमच्या मनाने घेतले. फ्रीगंज भागात टावर चौकापासून थोड्या अंतरावर एका आडरस्त्यावर एक बैठे घर विकाऊ असल्याचे कळले. पुढे ओटी, मागे लहानसे अंगण, अंगणात पेरूचे झाड. मालक एक निवृत्त प्राध्यापक व त्यांच्या पत्नी. साऱ्या गल्लीत त्यांना नाना व माई म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. या लेखातही त्यांचे तेच नाव राहील.

ज्या वाचकांनी उज्जैन केवळ महाकालाच्या यात्रेचे गाव म्हणून ऐकले आहे, त्यांना फ्रीगंजची थोडी ओळख करून दिली पाहिजे. जुने शहर क्षिप्रेच्या बाजूस. रेल्वेच्या रुळांवरील पूल ओलांडून अलीकडे आले, की शिंदे संस्थानाच्या काळात आखलेली ही नवी पेठ लागते. कागदोपत्री हिला माधवनगर म्हणतात, लोकांच्या तोंडी मात्र फ्रीगंजच. रस्ते सरळ, आणि त्यांच्या मधोमध घड्याळाचा मनोरा, तोच टावर चौक. संध्याकाळी येथे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. थंडीत तळलेल्या गराडूचा वास साऱ्या चौकात दरवळतो. या पेठेत मराठी घरे पुष्कळ. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलविली खरी, परंतु दरबाराच्या मागोमाग माळव्यात आलेली मराठी कुटुंबे सगळीच काही उठून गेली नाहीत. पुढेही संस्थानच्या चाकरीत मराठी माणसे येत राहिली. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हे अशाच एका मराठी घरातले. त्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते, आणि बदल्यांमागे बदल्या हाच त्या घराचा संसार होता. चाकरीच्या माणसाने जन्मभर सरकारी अथवा भाड्याच्या घरात राहावे आणि अखेरीस स्वतःच्या चार भिंती उभ्या कराव्यात, ही येथील मराठी मध्यमवर्गाची जुनी रीत आहे. नानांचे घर हे अशाच अखेरच्या चार भिंतींपैकी होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून बदल्या सोसून त्यांनी ते बांधले होते, आणि त्यानंतर पुन्हा कोणाच्या ओसरीवर राहावयाचे नाही असा पणच केला होता. ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली.

घर विकण्याचे कारण साधे होते. माईंचे गुडघे थकले. तीन पायऱ्यांची ओटीदेखील त्यांना डोंगरासारखी वाटू लागली. मुलगा पुण्यास. त्याचे म्हणणे, दोघांनीही पुण्यास यावे. नानांचे म्हणणे, उज्जैन सोडावयाचे नाही. मात्र लहान, पायऱ्या नसलेले, देखभालीस सोपे असे घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांवर निर्धास्त राहावे. ही विकलेल्या पैशांतून नवे घर घ्यावयाची कल्पनाच पुढील साऱ्या विलंबाचे मूळ ठरली. तिच्यात गैर काहीच नव्हते. मध्यम स्थितीच्या माणसाजवळ दोन घरांचे पैसे एकाच वेळी कोठून असणार?

२२ मार्च रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर आम्ही करार केला. आपण महाराष्ट्रात ज्याला विसार म्हणतो त्याला येथे बयाना म्हणतात. आपले खरेदीखत ती येथील रजिस्ट्री, आणि आपला ताबा तो येथे कब्जा. माईंनी पुरणपोळी वाढली. किमतीचा दहावा हिस्सा बयाना म्हणून दिला आणि रजिस्ट्री व कब्जा तीन महिन्यांच्या आत, म्हणजे २२ जूनपर्यंत, असे ठरले. कागदावर एक वाक्य मी आपणहून घालू दिले: विक्रेत्यास दुसरे घर मिळण्यास काही विलंब झाल्यास उभयतांनी सामंजस्याने वागावे. हे वाक्य लिहिताना मला मोठे समाधान वाटले होते. पुढील नऊ महिन्यांत मला त्याचा जितका पश्चात्ताप झाला, तितका आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही वाक्याचा झाला नसेल. ‘काही विलंब’ म्हणजे किती दिवस? आठ की ऐंशी? सामंजस्य म्हणजे कोणी किती सोसावयाचे? कागद त्याविषयी मुका होता.

एप्रिल गेला. नाना म्हणत, “बघतो आहोत.” मे गेला. “एक पाहिले, पण हवेशीर नाही.” जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माईंनी संकोचाने सांगितले, की २९ जूनला आषाढी एकादशी, तेव्हापासून चातुर्मास लागतो, आणि चातुर्मासात नव्या घरात पाऊल टाकणे त्यांच्या मनास येत नाही. मी म्हणालो, ठीक, चार महिन्यांचा प्रश्न आहे. त्यावर नाना पंचांग घेऊन आले. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणून चातुर्मास चारऐवजी पाच महिन्यांचा. कार्तिकी एकादशी थेट २३ नोव्हेंबरला. पंचांगाशी वाद घालता येत नाही. आम्ही गप्प घरी आलो.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, पाच महिन्यांनी असे काय बिघडणार होते? बिघडत होते ते असे. बँकेने आम्हांला कर्ज मंजूर केले होते, परंतु अशी मंजुरी काही महिनेच टिकते. मुदत टळली, की पगाराचे दाखले पुन्हा, चौकशी पुन्हा, आणि त्या दिवशीचा व्याजाचा दर असेल तो. वसईच्या वडिलोपार्जित वाटणीतील माझा लहानसा हिस्सा भावास देऊन जी रक्कम उभी केली होती, ती बचतखात्यात निजून होती. याहून मोठी गोष्ट आमच्या भाड्याच्या घराची. आमचे घरमालक सज्जन माणूस. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते, आणि नव्या जोडप्यासाठी त्यांना आमचा मजला हवा होता. आम्ही त्यांना मोठ्या ऐटीत जूनअखेरचा वायदा दिला होता. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस भाडे देताना त्यांच्या नजरेस नजर देणे मला जड जाऊ लागले. ते काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, “तुमच्या नानांचे काही जमले का?” ज्या स्वरात मी नानांना विचारीत असे, अगदी त्याच स्वरात.

ऑगस्टमध्ये मी एका वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते अशा प्रसंगात सापडलेल्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगे आहे, म्हणून येथे देतो. पहिली गोष्ट अशी, की विक्रीच्या करारामुळे घर आपले होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्टच म्हटले आहे, की अशा कराराने मालमत्तेत स्वतःहून कोणताही हक्क निर्माण होत नाही; हक्क येतो तो नोंदलेल्या खरेदीखताने. दुसरी गोष्ट मुदतीची. जमीनजुमल्याच्या व्यवहारात, तारीख लिहिलेली असली तरी, वेळ हाच कराराचा प्राण आहे असे न्यायालय सहसा धरून चालत नाही. चांद राणी विरुद्ध कमल राणी या दिल्लीच्या एका घराविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९९२ च्या अखेरीस हे तत्त्व पुन्हा सांगितले. मात्र कराराच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून वेळेचे महत्त्व उघड दिसत असेल तर न्यायालय ते मानते, हेही त्याच निकालात आहे. आमच्या ‘काही विलंब’ या शब्दांवरून काय उघड दिसत होते ते सांगावयास नकोच. तिसरी गोष्ट, करार पुरा करून घेण्याचा दावा लावावयाचा तर ठरल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, आणि आपण स्वतः पैसे देण्यास सदैव सिद्ध होतो हे दाखविता आले पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात घेणाऱ्याची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. “तुम्ही जिंकाल,” वकील म्हणाले, “पण केव्हा, ते विचारू नका.” आणि त्यांनी नोटिशीचा मसुदा करून दिला.

तो मसुदा दोन महिने माझ्या कपाटात होता. पितृपक्ष आला आणि गेला, नवरात्र आले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो काढून पत्नीसमोर ठेवला. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “अहो, ते घर शोधत नाहीत असे तुम्हांला वाटते ना? मग शोधताना तुम्ही त्यांना एकदा तरी पाहिले आहे का?”

पाहिले नव्हते. सात महिन्यांत मी नानांना विचारले होते पुष्कळदा, सोबत मात्र एकदाही गेलो नव्हतो. दसऱ्याच्या संध्याकाळी सोने देण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडे गेलो. नानांनी आपट्याची पाने दिली आणि मी म्हणालो, “नाना, उद्यापासून माझ्या स्कूटरवर बसा. घरे आपण दोघे बघू.” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, मला वाटत होते तुम्ही आज कागद घेऊन येणार.” कागद माझ्या खिशातच होता.

पुढील तीन आठवड्यांत आम्ही मिळून चौदा घरे पाहिली. ऋषिनगर, सेठीनगर, वसंत विहार, महानंदानगर, दशहरा मैदानाच्या आसपासच्या गल्ल्या, सारे पालथे घातले. आणि तेव्हा मला कळले, की घर मिळत नाही म्हणजे काय. दलाल ज्याला तळमजला म्हणे तेथे चार पायऱ्या निघत. जेथे पायऱ्या नसत तेथे उजेड नसे. एका ठिकाणी सर्व काही होते, परंतु किंमत ऐकून नाना पाणी पिण्यास खाली बसले. महाकाल मंदिरालगतच्या नव्या परिसराचे उद्घाटन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले, तेव्हापासून या गावात यात्रेकरूंची रीघ लागली आहे. शिवाय २०२८ चे सिंहस्थ पुढे उभे. ज्याच्याजवळ दोन खोल्या अधिक आहेत तो त्या यात्रेकरूंना देऊ पाहतो. अशा वेळी वृद्ध जोडप्यास परवडेल असे लहानसे बैठे घर कोण विकावयास काढणार? नानांनी आमच्याशी भाव ठरविला तो मार्चमधला. ते स्वतः घ्यावयास निघाले तेव्हा बाजार पुढे सरकला होता. प्रत्येक गेलेला महिना त्यांनाही महाग पडत होता. आमच्या रागाच्या हिशेबात ही रकम मी कधी धरलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट मला दिसली. प्रत्येक घर पाहून झाले, की नाना म्हणत, “चला, आता टावरपर्यंत चालत जाऊ.” प्रथम मला वाटले, पाय मोकळे करावयाचे असतील. चौथ्या की पाचव्या घराच्या वेळी ते मनगटावरील घड्याळ पाहतात असे माझ्या ध्यानात आले. गेली कित्येक वर्षे ते रोज सायंकाळी टावर चौकात जात. तेथे त्यांचे चार समवयस्क जमत, वर्तमानपत्रातील बातम्यांची चिरफाड होई, आणि दिवेलागणीपूर्वी ते घरी परतत. ज्या घरापासून टावर वीस मिनिटांपलीकडे, ते घर त्यांच्या दृष्टीने उज्जैनबाहेरच होते. रेल्वेचा पूल ओलांडावा लागणारी घरे तर ते आत न शिरताच नाकारीत. माईंनाही हे माहीत नव्हते. मी विचारले, “नाना, हे तुम्ही दलालास सांगितले का नाही?” ते म्हणाले, “सांगावयास लाज वाटली. त्याला वाटेल, म्हातारा चकाट्या पिटण्यासाठी घर शोधतो आहे.”

पुण्याचा मुलगा दूरध्वनीवर वारंवार सांगे, की सध्या भाड्याने कोठेतरी राहा, घर सावकाश पाहा. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच होते. नानांना कोणीतरी अशीही भीती घातली होती, की घर विकण्याआधी दुसरे घेतले नाही तर सारा नफा प्राप्तिकरात जाईल. हा समज चुकीचा. राहते घर विकून आलेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून विक्रीपूर्वी एक वर्षाच्या आत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरे राहते घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर त्या प्रमाणात करातून सूट मिळते; विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर ते बँकेत त्यासाठीच असलेल्या भांडवली नफ्याच्या खात्यात ठेवता येतात. मी हे त्यांना कागदावर मांडून दाखविले आणि त्यांची ती चिंता गेली. परंतु भाड्याच्या घराचे नाव काढताच माईंच्या डोळ्यांत पाणी आले. “सारा जन्म दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकताना विचारावे लागले हो,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा नको.” मी पुढे बोललो नाही. मी स्वतः त्या वेळी भाड्याच्याच घरात राहत होतो, आणि खिळ्याचे दुःख मला ठाऊक होते.

दिवाळीनंतर, १७ नोव्हेंबरच्या विधानसभेच्या मतदानाची धामधूम ओसरल्यावर, सेठीनगरात एक घर मिळाले. पायऱ्या एक, तीही बुटकी. स्वयंपाकघरास पूर्वेची खिडकी. टावर चौक बारा मिनिटांवर; नानांनी दोनदा चालून पाहिले. भाव जमला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्या घराचे मालक म्हणाले, की इंदूरला त्यांनी घेतलेली सदनिका बांधकाम व्यावसायिकाकडून जानेवारीत मिळावयाची आहे, तोवर त्यांना हलता येणार नाही.

म्हणजे आमचे घरमालक आमच्यासाठी थांबलेले, आम्ही नानांसाठी, नाना सेठीनगरच्या गृहस्थांसाठी आणि ते गृहस्थ इंदूरच्या एका अपुऱ्या जिन्यासाठी! इंग्लंडात या प्रकारास साखळी असेच नाव आहे. तेथे एकामागोमाग एक अशी पाच-सहा घरे गुंतलेली असतात. वकील आपापसांत करारांची अदलाबदल करतात, घेणारा साधारणपणे दहावा हिस्सा भरतो, आणि मग ठरल्या एकाच दिवशी साखळीतील सर्व कुटुंबे सकाळी घराबाहेर पडून सायंकाळपर्यंत दुसऱ्या घरात शिरतात. एक कडी तुटली, की सारे जागच्या जागी. अमेरिकेत दुसरी तऱ्हा: विक्री पुरी होते, पैसे हातात पडतात, आणि विकणारा घेणाऱ्याचा भाडेकरू होऊन काही आठवडे त्याच घरात राहतो. ही मुदत बहुधा साठ दिवसांपलीकडे जात नाही, कारण कर्ज देणाऱ्यांची अट असते, की घेणाऱ्याने साठ दिवसांत स्वतः राहावयास गेले पाहिजे. आपल्याकडे यांपैकी कोणतीच रीत रुळलेली नाही. आपल्याकडे असते ते सामंजस्य, आणि त्यास तारीख नसते.

या वेळी मात्र मी वकिलांकडे निराळ्या कामासाठी गेलो, आणि नानांना बरोबर घेऊन गेलो. आमच्यापुढे अवकाश थोडा होता. २३ नोव्हेंबरला चातुर्मास संपत होता, आणि १६ डिसेंबरला धनुर्मास लागून पुन्हा संक्रांतीपर्यंत येथील लोक शुभकार्य करीत नाहीत. वकिलांनी मार्ग सुचविला तो असा. रजिस्ट्री डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच करावी, म्हणजे बँकेची नवी मंजुरी फुकट जाणार नाही आणि नानांच्या हाती सेठीनगरसाठी पैसे येतील. नाना-माईंनी आमच्या परवानगीने ३१ जानेवारीपर्यंत त्याच घरात राहावे. त्यास भाडे म्हणावयाचे नाही. कारण मध्य प्रदेशात भाडेकरूंसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि भाडेकरूचे नाते एकदा जोडले गेले की ते सोडविणे सोपे नसते. किमतीपैकी ठराविक रक्कम, बँकेच्या कर्जातून नव्हे तर आमच्या स्वतःच्या वाट्यातून, किल्ल्या हाती येईपर्यंत राखून ठेवावी. वीज, पाणी आणि मालमत्ताकर तोवर नानांनी भरावा. ३१ तारीख टळली, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी अमुक रुपये त्या रकमेतून वजा. हा शेवटचा मुद्दा वाचताना माझीच मान खाली गेली. नाना म्हणाले, “हे लिहाच. हे मार्चमध्ये लिहिले असते, तर तुम्ही माझ्या दारावरून मान फिरवून गेला नसता.”

मी तसा गेलो होतो. सप्टेंबरात दोनदा. त्यांनी ओटीवरून पाहिले होते तर!

कार्यालयात नानांनी अंगठा यंत्रावर टेकविला, मी टेकविला. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पूर्वी या कामासाठी लेखनिकांच्या पेढ्या धुंडाळाव्या लागत. आता ‘संपदा’ या व्यवस्थेमुळे दस्त संगणकावरच होतो. बाहेर येताना मला यिर्मयाच्या ग्रंथातील बत्तिसावा अध्याय आठवला. शहरास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा स्थितीत तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतो. साक्षीदार आहेत, रुपे तराजूत तोलले आहे, खताच्या दोन प्रती आहेत, एक मोहरबंद आणि एक उघडी. आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेविल्या जातात. ताबा कधी मिळणार याचा पत्ता नाही. व्यवहाराची शिस्त मात्र इतकी चोख, की आजच्या कोणत्याही दुय्यम निबंधकाने मान डोलवावी. त्याच्यापुढे आमचे सात आठवडे ते काय? नानांना मी ही कथा स्कूटरवरून परतताना सांगितली. त्यांनी मागून विचारले, “आणि मग शेत मिळाले का त्याला?” मी म्हटले, “ते ग्रंथात नाही, नाना.” ते बराच वेळ हसत होते.

नाताळ आम्ही भाड्याच्या घरातच केला. आमच्या घरमालकांना मी आता प्रथमच लेखी तारीख देऊ शकलो, आणि मुलाच्या लग्नासाठी त्यांनी वसंतपंचमीचा, १४ फेब्रुवारीचा, मुहूर्त पक्का केला. (त्या दिवशी राखेचा बुधवारही आला. आम्ही लग्नास गेलो, अक्षता टाकल्या आणि उपवासामुळे सरबतावर परतलो. यजमानांची समजूत काढताना पत्नीची पुरेवाट झाली.) इंदूरची सदनिका जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. संक्रांतीनंतर सेठीनगरचे गृहस्थ हलले, त्यांच्यामागून नाना-माई हलल्या, आणि २८ जानेवारीस, मुदतीच्या तीन दिवस आधी, नानांनी आमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. राखून ठेवलेली रक्कम मी त्याच वेळी दिली. माईंनी घर धुऊन पुसून ठेवले होते. स्वयंपाकघरात एका वाटीत तिळगूळ होता, आणि भिंतींवरील सारे खिळे जागच्या जागी.

आम्ही राहावयास गेलो त्याच्या चौथ्या संध्याकाळची गोष्ट. फाटकाची कडी वाजली. पाहतो तो नाना! ते ओटीच्या तीन पायऱ्या चढून आले, कोपऱ्यातील खिळ्यास त्यांनी छत्री अडकविली आणि पायांतील वहाणा काढता काढता एकदम थबकले. टावर चौकातून परतताना पाय जुन्या वाटेने वळले होते. “चुकलो हो,” ते म्हणाले, आणि छत्री काढण्यासाठी वळले. पत्नी आतून म्हणाली, “नाना, छत्री राहू दे तिथेच. चहा टाकला आहे.” चहा झाल्यावर मी त्यांच्याबरोबर सेठीनगरापर्यंत चालत गेलो. आमच्या घरावरून फेरा पडल्यामुळे सतरा मिनिटे लागली. दार उघडताच माईंनी उशिराचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखविले.

तो खिळा आम्ही काढलेला नाही.